नाकाला कळलं होतं

आमच्या वायनरीच्या काउंटरवर गेल्या अठरा वर्षांत मी किती पेले हुंगले याचा हिशेब नाही. त्यातल्या एकाच पेल्याबद्दल मी जाणूनबुजून खोटं बोललो. त्या पेल्यात वाइन नव्हती. पाणी होतं.

ती गोष्ट सांगायची तर थोडं मागं जावं लागतं. आणि मागं गेलं की ती एकटी सापडत नाही, तिच्यामागोमाग आणखी दोन येतात. तिन्हींत एक गोष्ट सारखी आहे. ‘मला माहीत नव्हतं’ असं म्हणायची सोय त्यांतल्या एकीतही नाही.

आम्ही दिंडोरी तालुक्यातले. घरात द्राक्ष आलं ते अण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या काळात. थॉमसन सीडलेस, मांडवावरची बाग. पुढं सुला वायनरीनं नाशिकलाच वाइन करून दाखवली, 2001 साली राज्य सरकारनं द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणून अबकारी करात सूट दिली, आणि आमच्या भागात ज्याला त्याला आपल्या बांधावरून फ्रान्स दिसायला लागला. मलाही दिसला. 2003 साली शिराज आणि सोव्हिन्यॉन ब्लां ही वाइनची द्राक्षं लावली, 2006 साली बँकेचं कर्ज काढून वायनरी उभी केली, आणि 2007च्या जानेवारीत पहिली द्राक्षं क्रशरमध्ये पडली. थोरले बंधू, दादा, बाग बघायचे. रसायनशास्त्राची पदवी घेऊन खतांच्या दुकानात बसलेला मी वायनरी बघायचो. वहिनी मजुरांची हजेरी आणि पगार बघायच्या. अण्णा आम्हा तिघांकडं बघायचे.

वायनरीत वाइनपेक्षा पाणी जास्त लागतं, हे पाहुण्यांना कुणी सांगत नाही. क्रशर धुवा, प्रेस धुवा, टाक्या आधी कॉस्टिकनं, मग सायट्रिक ॲसिडनं, मग साध्या पाण्यानं धुवा. लिटरभर वाइनमागं तीन-चार लिटर पाणी आम्ही तेव्हा सहज ओतत होतो. त्या पाण्यात द्राक्षाची साखर, आम्ल, थोडा अल्कोहोल आणि यीस्टचा गाळ असतो. यातलं काहीच ऐकायला भयंकर वाटत नाही, म्हणून माणूस निर्धास्त राहतो. पण ते पाणी साचलं की जंतू त्यावर तुटून पडतात, पाण्यातला सगळा प्राणवायू खाऊन टाकतात आणि पाणी सडतं. जमिनीवर सोडायच्या पाण्याचा बीओडी, म्हणजे जंतूंना लागणारा प्राणवायू, लिटरला 100 मिलिग्रॅमच्या आत असावा लागतो. वायनरीच्या कच्च्या पाण्याचा हजारांत असतो. आणि हे सगळं निघतं जानेवारी ते मार्चमध्ये, नेमके ओढे-नाले आटत असताना.

सांडपाणी शुद्ध करायची टाकी आम्ही बांधली होती. बांधल्याशिवाय परवानगीच नव्हती. प्रश्न तिच्यात हवा मारणाऱ्या मोटारीचा होता. 2008 साली गावाकडं दिवसाला दहा-बारा तास भारनियमन. सोव्हिन्यॉन पंधरा-सोळा अंशांवर आंबवायची तर चिलर हवा, चिलरला जनरेटर, जनरेटरला डिझेल. एका रात्री ओसरीवर बसून आम्ही डिझेलचा हिशेब मांडला. दादा म्हणाले, “ती घाण पाण्याची मोटार तेवढी चालू ठेव बाबा.” मी म्हणालो, “सीझन संपू दे.” त्याच आठवड्यात टेस्टिंग रूमच्या गच्चीसाठी मी सागवानी खुर्च्यांची ऑर्डर दिली होती. गच्चीवरून धरणाचं पाणी दिसतं. नाला दिसत नाही.

मोटार चालायची ती तपासणीच्या दिवशी. एरवी टाकी भरून पाणी मागच्या नाल्यात ओसंडायचं. नाल्याच्या खालच्या अंगाला पाऊण किलोमीटरवर वस्ती आहे, पंचवीसेक घरांची. दोन पिढ्यांपूर्वी पेठ-सुरगाण्याकडून येऊन इथं राहिलेली कुटुंबं. आमची छाटणी, विरळणी, तोडणी त्यांच्याच हातची. नाल्याच्या काठाला त्यांची विहीर.

मार्चचा तिसरा आठवडा, रविवारची दुपार. मुंबईचे आठ-दहा पाहुणे आले होते. पेला तिरका कसा धरायचा, कसा फिरवायचा, नाक आत कुठवर घालायचं ते मी त्यांना दाखवत होतो. दारात चार बाया येऊन उभ्या राहिल्या. पुढं वस्तीवरच्या आजी, हातात पितळी तांब्या. अण्णांच्या काळापासून आमच्या बागेत राबलेल्या. त्या सरळ आत आल्या, काउंटरवरचा एक रिकामा पेला पुढं ओढला, तांब्यातलं पाणी त्यात ओतलं.

“भाऊ, तुम्ही वास घिऊन सांगता म्हनं, कशात काय हाये. मंग यात काय हाये ते सांगा.”

पाहुण्यांना वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग आहे. एकानं फोटो काढायला मोबाइल वर धरला.

मी पेला उचलला. सवयीनं फिरवलासुद्धा. वास नाकात शिरला आणि सगळं कळलं. वर व्हिनेगर, मागं नेलपॉलिशसारखा इथाइल ॲसिटेटचा झणका, तळाला कुजक्या अंड्याचा वास. पाण्याला जांभळट झाक. शिराज. तीन नंबरची टाकी. तिचा गाळ काढून धुवायला गुरुवारी मीच सांगितलं होतं. इतकं बिनचूक उत्तर मला वाइनच्या बाबतीतही क्वचितच सापडलं असेल.

“पालापाचोळा कुजला असंल, आजी,” मी म्हणालो. “उन्हाळ्यात होतं असं. टीसीएल पावडर टाका विहिरीत.”

आजींनी माझ्याकडं पाहिलं. राग नव्हता. बाजारात भाव ऐकून, घ्यायचं नाही असं ठरवलेलं माणूस दुकानदाराकडं बघतं, तसं पाहिलं. पेला तिथंच ठेवून त्या वळल्या. पाहुण्यांतल्या एका बाईंनी काय झालं म्हणून विचारलं. मी म्हणालो, “इथं पाण्याचा प्रॉब्लेम आहे.” दिवसभरात मी बोललेलं तेवढं एक वाक्य खरं होतं.

खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं, हा हिशेब मी नंतर पुष्कळदा केला. रोजचा एक टँकर, विहिरीचा उपसा, चारचौघांत शिव्या. सगळं मिळून खुर्च्यांपेक्षा स्वस्त पडलं असतं. पण त्या क्षणी मी हिशेब केलाच नव्हता. पाहुण्यांसमोर माझं नाक चुकलेलं चालेल, वायनरी चुकलेली चालणार नाही, एवढंच डोक्यात होतं.

एप्रिलमध्ये खरड छाटणीला वस्तीवरून एकही माणूस आलं नाही. भांडण नाही, मोर्चा नाही, तक्रारअर्ज नाही. वहिनी दोनदा जाऊन आल्या. “दुसरीकडं शब्द दिलाय,” एवढंच उत्तर मिळालं. मुकादमाला गाठून बाहेरची टोळी आणेपर्यंत अठरा दिवस गेले, आणि त्या टोळीला आमच्या वेलींची काडी ठाऊक नव्हती. द्राक्षाचं असं आहे की घड दिसतो ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर, पण काडीच्या डोळ्यात तो धरतो उन्हाळ्यात, खरड छाटणीनंतरच्या दीड-दोन महिन्यांत. तेव्हा जे हुकलं ते पुढं कुठल्याही औषधानं भरून येत नाही. नोव्हेंबरात दादांनी मला बागेत नेलं. एका वेलीपाशी थांबून म्हणाले, “मोज.” मी मोजले. जिथं तीसेक घड असायचे तिथं तेरा.

माझं नुकसान असं मोजता येतं. वस्तीचं येत नाही. त्या उन्हाळ्यात बाया दीड किलोमीटरवरून पाणी आणत होत्या. तीन पोरं जुलाबानं दवाखान्यात गेली. ती आमच्या पाण्यानं गेली का, हे कुणी सिद्ध केलं नाही. मी कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर ऐकून घ्यावं लागलं असतं.

दुसरी गोष्ट पुढच्याच वर्षीची. धोरण नवं असताना मी मोटारसायकलवर फिरून भाऊबंदांना वाइनची द्राक्षं लावायला लावली होती. अकरा जणांशी करार केले. वाइनचं द्राक्ष म्हणजे बारीक मणी, जाड साल, आत बिया. ते खायला कुणी घेत नाही, त्याचा बेदाणा होत नाही. त्याला गिऱ्हाईक एकच, वायनरी. 2008च्या नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला, हॉटेलं ओस पडली, जगभरची मंदी होतीच. आमच्या टाक्यांत आदल्या वर्षीची वाइन तशीच पडून. अशात 2009च्या फेब्रुवारीत ट्रॅक्टर दारात उभे राहिले.

करारात लिहिलं होतं, साखर 22 ब्रिक्सच्या वर. एरवी साडेएकवीसला मी डोळेझाक करायचो. त्या वर्षी रिफ्रॅक्टोमीटरवर माझी अचानक श्रद्धा बसली. मावसभावाच्या ट्रॉलीतला घड घेतला, वरच्या अंगाचा मणी चिरडून थेंब काचेवर टाकला. 22.4. मग त्याच घडाच्या टोकाचा मणी घेतला. टोकाकडं साखर कमी भरते, हे मला ठाऊक होतं. 21.2.

“साखर कमी आहे रे,” मी म्हणालो, आणि यंत्र त्याच्या डोळ्याला लावलं.

माझ्याकडं पैसे नाहीत, टाकी रिकामी नाही, मी बुडत चाललोय, ही तीन वाक्यं खरी होती. त्यातलं एकही मी बोललो नाही. ती बोललो असतो तर नुकसान दोघांत वाटून घ्यावं लागलं असतं. साखर कमी म्हटलं की दोष बागेवर जातो आणि सगळं नुकसान तिकडंच राहतं. त्यानं दोन्ही ट्रॉली बांधावर उपड्या केल्या. पुढच्या वर्षी त्यानं ती बागच तोडली. अकरांपैकी आज आमच्याकडं दोघं उरलेत. मावसभावाच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका मला आली, ती पोस्टानं. त्याचं घर आमच्यापासून चार किलोमीटरवर आहे.

तिसरी गोष्ट एका बाटलीची. वायनरीसाठी ग्रामसभेचा ठराव हवा होता तेव्हा मी सभेत उभं राहून ठणकावून सांगितलं होतं, “वाइन म्हणजे दारू नव्हे, द्राक्षाचं पेय आहे.” टाळ्या पडल्या, ठराव झाला. पुढं बाटलीवर 13 टक्के अल्कोहोल छापणाराही मीच. 2011चा हंगाम बरा गेला. तोवर वस्तीवरच्या काही जणी पुन्हा कामाला यायला लागल्या होत्या. विहीर कुणी विसरलं नव्हतं. पण चूल रोज पेटवावी लागते. खुशीत मी प्रत्येक मजुराला एकेक बाटली दिली. संध्याकाळी एक बाई ती परत घेऊन आली. “घरात नको भाऊ. त्यांची सुटून दोन वर्सं झाली.” मी हसून म्हणालो, “अगं, ही दारू नव्हे.”

तिनं बाटली पुन्हा पिशवीत घातली. ग्रामसभेतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि ते वाक्य सोडून दिलं. या बाईनं ते खरं मानलं. पावसाळ्यात तिचा नवरा पुन्हा गुत्त्यावर दिसायला लागला. एका बाटलीनं कुणी बिघडत नाही, असं मला बऱ्याच जणांनी समजावलं. वहिनींनी समजावलं नाही. पुढच्या हंगामापासून त्या तेल आणि गूळ वाटायला लागल्या, मला न विचारता. 2022च्या जानेवारीत सुपरमार्केटमध्ये वाइन विकू देण्याचा निर्णय सरकारनं जाहीर केला, त्यावर रान उठलं आणि तो अंमलात आलाच नाही. तेव्हा एका वार्ताहरानं मला विचारलं, वाइन म्हणजे दारू का? मी म्हणालो, हो. मन लावून केलेली दारू आहे, माझं पोट तिच्यावर आहे, पण दारू आहे. धंद्यातल्या दोघा-तिघांचे फोन त्यानंतर कमी झाले.

मधल्या काळात मी समाजकार्यही केलं. 2012 साली निर्यातीची बोलणी चालू होती. खरेदीदाराकडून लांबलचक फॉर्म आला. त्यात ‘परिसरातील लोकांसाठी काय केले’ असा रकाना होता. तो रिकामा दिसू नये म्हणून वस्तीवर पाणी शुद्ध करायचं यंत्र बसवलं. वर वायनरीच्या नावाची पत्र्याची पाटी, यंत्राहून मोठी. नारळ फोडला, फोटो काढला, फॉर्मला जोडला. यंत्र चार महिने चाललं. विजेचं बिल कोण भरणार, हे फॉर्ममध्ये विचारलेलं नव्हतं. निर्यात झाली नाही. पाटीचा पत्रा पुढं कोंबड्यांच्या खुराड्यावर गेला. त्याचा खरा उपयोग झाला तो तेवढाच.

2014च्या उन्हाळ्यात पुतण्या वाइन बनवायचं रीतसर शिक्षण घेऊन घरी आला. पहिल्याच आठवड्यात सांडपाण्याच्या टाकीपाशी उभा राहून त्यानं विचारलं, “काका, ही मोटार दिवसाला किती तास चालते?”

मी तोंड उघडलं. ‘वीज असेल तेवढा वेळ’ हे उत्तर जिभेवर तयार होतं. तेवढ्यात मला पालापाचोळा आठवला. मी म्हणालो, “जवळजवळ नाहीच.” सहा वर्षं उशिरा आलेलं ते उत्तर द्यायला दोन सेकंदं लागली.

त्याच संध्याकाळी वस्तीवर गेलो. आजी ओट्यावर बसल्या होत्या. मी म्हणालो, “आजी, त्या पेल्यात आमचंच पाणी होतं. तीन नंबरच्या टाकीचं.”

“ते आमाला ठावं व्हतं,” आजी म्हणाल्या. “तुमाला ठावं हाये का, ते बघायला आल्ते.”

पुढची कामं सांगायला सोपी आहेत. करायला दोन हंगाम लागले. मोटारी एकीच्या दोन केल्या, त्यांना वेगळा मीटर बसवला. आम्लाचं पाणी चुन्यानं शमवून मगच टाकीत घ्यायला लागलो. पाइप धरण्याआधी साली आणि बिया झाडून-खरडून काढायच्या, एका टाकीचं शेवटचं धुणं दुसऱ्या टाकीच्या पहिल्या धुण्याला वापरायचं, एवढ्यावर पाण्याचा वापर निम्म्यावर आला. चोथ्याचे ढीग पूर्वी नाल्याच्या काठाला पडायचे. आता शेण आणि चुना घालून सहा महिने कुजवतो आणि बागेला घालतो. शुद्ध केलेलं पाणी नाल्यात जात नाही, बागेत जातं. विहिरीचा उपसा आणि कठडा वस्तीनं केला, पैसे आम्ही दिले. पाटी लावली नाही.

पण आजींची अट वेगळीच होती. “दर सोमवारी आमच्यातल्या दोघी येतील, पानी हुंगतील. त्या नको म्हनल्या तर सोडायचं नाही.” पुतण्या म्हणाला, आपण प्रयोगशाळेतून तपासून घेतो ना. मी त्याला थांबवलं. आमच्याच तालुक्यातल्या वाघाड धरणाच्या कालव्यांवर शेतकऱ्यांनी पाणी वापर संस्था करून 1990च्या दशकापासून पाणी स्वतः मोजून वाटून घेतलंय. ज्याला तहान लागते त्याच्या हातात मोजमाप असावं, ही गोष्ट माझ्या डोळ्यांसमोर वीस वर्षं होती. मी ती शेजारच्या गावाची बातमी म्हणून वाचत आलो.

सोमवारची पद्धत 2015 पासून चालू आहे. वायनरीच्या फाटकातून त्या दोघी कुणाला न विचारता आत येतात, टाकीच्या तोटीतून पेला भरतात. पेला टेस्टिंग रूममधलाच असतो, त्यांनीच तो मागून घेतला. आजी 2019 साली गेल्या. आता त्यांची नात येते. गेल्या हंगामात तिनं दोनदा मान हलवली. पहिल्यांदा पाणी थांबवलं तेव्हा चुना कमी पडल्याचं निघालं. दुसऱ्यांदा आदल्याच दिवशी प्रयोगशाळेचा अहवाल आला होता, तो उत्तम होता. तरी थांबवलं. टाकीवर जाऊन पाहिलं, तर दोन मोटारींपैकी एक शनिवारपासून बंद होती.